दोन मनगटांवर दोन घड्याळं

आये, सगळ्यात आधी कोण आलं सांगू? माझा लेक, तुझा नातू, तोही नाही की सूनही नाही. समोरच्या बिल्डिंगमधली बाई! तीन वर्षं झाली राहायला येऊन, कधी आपल्या ओट्यावर चढली नाही. गेटातून निघायची नि मान खाली घालून रिक्षात बसायची. ती बाई मंगळवारी सकाळी धावत आली, एका पायात तिची चप्पल नि दुसऱ्या पायात नवऱ्याची. दारातूनच ओरडली, "मावशी, कुठे पडलात? हलू नका, मी आले!" आणि मी स्वयंपाकघरात उभी, कोपरापर्यंत तांदळाच्या पिठात. परातीत भाकरीची उकड, तव्यावर एक भाकरी फुगलेली. मी म्हटलं, बाई, मी कशाला पडू, बसा, गरम आहे, खाता का? ती खाली बसली ती रडायलाच लागली. मग मला तिला पाणी द्यावं लागलं, पिठाच्या हातानं. आता ती मला रोज हाक मारते. एवढं तरी त्या घड्याळानं केलं.

घड्याळाचं सांगायलाच तर बसलेय. नातीनं अर्धी लिहून टाकून दिलेली वही आहे, तिच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, जोडाक्षरं कुठे चुकली तर चुकली. तुला तरी कुठे वाचता येत होतं! म्हणून तर तुला लिहायला बरं वाटतं, चुका काढायला तू बसणार नाहीस.

पौषात मी न्हाणीत पाय घसरून पडले. मोडलं काही नाही, कंबर धरली आणि उठताच येईना. दोन तास तशीच पडून होते. शेजारी आवाज गेला असता, पण अंगावर धड कपडा नाही, ओरडू कशी? तुझा नातू अंबरनाथहून फोन करून करून दमला, शेवटी स्वतः आला, तेव्हा उठवलं मला. त्या दिवसापासून त्यानं धरलंय, हे बदलापूरचं, हेंद्रेपाड्यातलं घर बंद करायचं आणि त्याच्या फ्लॅटवर जायचं. सातव्या मजल्यावर. घर चांगलं आहे गं, सून चांगली आहे, मला गॅलरीत खुर्ची टाकून देते. पण खाली बघितलं की माणसं मुंगीएवढी, त्यातलं एकही ओळखीचं नाही. इथं माझा शेवगा आहे, सात कोंबड्या आहेत, फणस आहे, तोही ह्या वर्षी लागलाय. मी नाही म्हटलं. तो हो म्हणाला. महिनाभर आमचं नाही-हो चाललं. मग नातीनं मध्ये पडून तोड काढली की आजीला घड्याळ घालायचं. नुसतं वेळ सांगणारं नाही. नाडी मोजणारं, पावलं मोजणारं, आणि काही झालं तर फोन करणारं. तुझा नातू कबूल झाला, पण त्याची अट ऐक. म्हणाला, "आई, ज्या दिवशी तुझं घड्याळ गप्प होईल, त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार. मग बॅग भरायची. कुरकुर नाही." आता कळलं ना, घड्याळापायी मी एवढी का शाई घालवतेय? माझं इथलं राहणं त्या चिमुकल्या डबीत अडकलंय.

तर घड्याळं आली, तीही दोन, कारण बापलेकीचं एकमत होईना. तुझ्या नातवानं उल्हासनगरात कॅम्प पाचमधल्या ओळखीच्या दुकानातून मोठं आणलं. दुकानदार म्हणाला होता, वापरून बघा, नाही पटलं तर पुढच्या आठवड्यात परत आणा, बदलून देतो. आये, काय घड्याळ आहे! हात वर केला की उजेड पडतो. पावसाचं सांगतं, रस्ता सांगतं, रक्तात हवा किती आहे ते सांगतं. त्याच्या तोंडावर तुझ्या धाकट्या पणतवंडाचा फोटो लावलाय, बोट लावलं की पोर हसतं. रात्री झोप किती झाली तेही सकाळी सांगतं. पहिल्या दिवशी म्हणालं, पाच तास. मी म्हटलं, गाढवा, मी नऊला आडवी झाले ती कोंबडा आरवेपर्यंत. आणि दुपारी मध्येच थरथरतं आणि लिहून येतं, श्वास घ्या. सत्तर वर्षं कोणी न सांगता घेतेय मी. पण खरा गुण त्याचा एकच, माणूस पडलं की त्याला कळतं. आधी विचारतं, पडलात का? उत्तर नाही दिलं तर आपणहून माझ्या लेकाला फोन लावतं. आणि दोष पण एकच. त्याला रोज जेवायला लागतं. सकाळी भरलं की दुसऱ्या सकाळपर्यंत कसंबसं टिकतं. पांढरी गोल चकती आहे, तिच्यावर बरोबर मधोमध ठेवायचं. जरा सरकलं की तासभर ठेवूनही दुपारी तोंड काळं.

नातीनं आणलेलं दुसरं, बारकं. त्याला फोटो नाही, रस्ता नाही, श्वास घ्या नाही. आकडे मोठे मोठे, चष्म्याशिवाय दिसतात. पावलं आणि नाडी मोजतं तेवढं. बाजूला एक बटण आहे, तीनदा दाबलं की पिशवीतल्या मोबाइलवरून पोराला फोन जातो. पडलीस की नाही हे त्याला काही कळत नाही, आपणच सांगायचं. पण एकदा पोटभर भरलं की पंधरा दिवस बघायला नको. नात म्हणाली, "आजी, आठ दिवस दोन्ही घाल. एक ह्या हाताला, एक त्या हाताला. मग तूच ठरव. आणि काढायचं नाही हं, काढलंस की आकडे चुकतात." दोन हातांना दोन घड्याळं घालून मी बाजारात गेले. कोळीण मला म्हणते, "आजी, एक लंडनचं नि एक बदलापूरचं का?" सगळा मच्छी बाजार हसला. मी पण हसले. मला तर मजाच वाटत होती, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसांत तू फार आठवलीस. माझ्या लग्नाआधीचं ते घड्याळ आठवलं. तू भाजीची पाटी घेऊन कॅम्प एकला जायचीस, सिंधी लोकांच्या दारोदार, सगळे तुला माई म्हणायचे. मी सोबत असले की कोणी ना कोणी पापड हातावर ठेवायचं. त्या दिवशी पाटी रिकामी झाली आणि तू मला घड्याळाच्या दुकानात घेऊन गेलीस. मी तर पायरीवरच थांबले होते. तुला घड्याळ बघता येत नव्हतं, अंबरनाथच्या कारखान्याचा भोंगा झाला की तुला वेळ कळायची. आणि तू त्या काचेच्या टेबलाशी कोपर टेकून अशी उभी राहिलीस, जशी जन्मभर घड्याळंच घेत आलीस. दुकानदार टेबलाच्या पलीकडे बसलेला, पांढरा लेंगा, तोंडात बडीशेप. त्यानं एक सोनेरी पट्ट्याचं काढलं. माझा जीव त्याच्यावर बसला. तो म्हणतो, "माई, ये देखो, इसमें तारीख भी है. और चाबी की झंझट नहीं. बेटी का हाथ हिलेगा, घड़ी अपने आप चलेगी."

तू विचारलंस, "आनि हात नाय हल्ला तं?"

"तो एक-दो दिन में बंद, माई."

तू माझ्याकडे बघितलंस, मग त्याच्याकडे. "म्हंजी माजे पोरीनी हात हलवत र्‍हावाचा, तवा ह्या चालनार? मंग तिना बसाचा कवा? नको बाबा. चावीचा दाखव."

तो इतका हसला की बडीशेप उडाली. म्हणाला, माई, तारीख तो छोड़ रही हो. तू म्हणालीस, तारीख भिंतीवर टांगलेली असते, फुकट. मग चावीचं साधं, काळ्या पट्ट्याचं घेतलंस. मी रस्ताभर तोंड फुगवून चालले.  घरी आल्यावर ओट्यावर बसवलंस आणि चावी कशी द्यायची ते त्यानं दाखवलं होतं तसं मला दाखवलंस, चुकत चुकत, तुझ्या त्या भेगा पडलेल्या बोटांनी. "सासरी गेलीस कं रोज सांजंला चावी देवाला बस. कोनी हाक मारली तं सांग, घड्याल बंद परल. तवरा येल तुजा." आये, तेवीस वर्षं मी रोज संध्याकाळी तेवढा वेळ माझा म्हणून बसले. सासू हाका मारायची, मी म्हणायचे, आले, चावी देतेय. चावीला लागतं किती, पन्नास मोजेपर्यंत. मी पाचशे मोजायचे. कोणाला कधी कळलं नाही.

आणि पहिल्या माहेरपणाला आले तेव्हा त्या घड्याळापायी तुझी बोलणी पण खाल्ली. मी मिरवायला म्हणून घड्याळ हातात ठेवूनच भाकरीला बसले. वाफेनं काच धुरकट झाली. तू परात माझ्यासमोरून ओढून घेतलीस. "आदी कार त्या. पिठाला काय टायम दाखवतंस?" चार बायकांच्या समोर. कान लाल झाले माझे. तेव्हापासून पिठात हात घालायच्या आधी हातातलं काढून खुंटीला, हा नेम. एवढी वर्षं मोडला नव्हता, तो ह्या मंगळवारी नातीच्या सांगण्यावरून मोडला, आणि बघ काय झालं.

उकड आपण कशी मळतो तुला माहीत आहे. गरम आहे तोवर आपटायची, मनगटापासून जोर लावून, नाहीतर कडा फाटतात. मी आपटली. दोनदा, तीनदा. त्या मोठ्याला वाटलं, म्हातारी गेली. ते थरथरायला लागलं, पडलात का म्हणून. मला दिसलं, पण हात पिठानं माखलेले. बोट लावलं तर ओल्या बोटाला ते जुमानत नाही. मी नाकानं दाबून बघितलं, खरं सांगते. पदरानं पुसायला गेले तोवर त्यानं फोन लावून टाकला होता. आणि फोनवर तुझ्या नातवाला काय ऐकू गेलं, तर माझा आवाज, "अरे देवा, मेले, आता काय करू!" बस. समोरच्या बाईचा नंबर त्यानं पौषातच घेऊन ठेवला होता, तिला कळवलं, नातीला मागे बसवलं आणि स्कूटर हाणली.

वीस मिनिटांत हजर. हेल्मेट डोक्यावर तसंच, आत येऊन मला चाचपतोय, हात बघ, डोकं बघ. मी म्हटलं, अरे, भाकरी करतेय. तेव्हा तो मटकन पाटावर बसला. आणि दोन मिनिटांनी म्हणतो काय, "बघितलंस आई? हे असं पाहिजे. खरोखर पडली असतीस तर वीस मिनिटांत मी इथे होतो."

नात उसळली. "बाबा, आजी पडलीच नव्हती! आणि शुक्रवारी काय झालं होतं? तुमचं घड्याळ दुपारी मेलं होतं."

शुक्रवारी आमच्याकडे लाइट जाते, आये. दुरुस्ती म्हणतात. त्या शुक्रवारी सकाळी सातला गेली ती संध्याकाळी आली. मोठं आदल्या दिवशी चकतीवर नीट बसलं नव्हतं, शुक्रवारी भरायला लाइट नाही, बारा वाजता त्यानं डोळे मिटले. बारकं मात्र टुकटुक चालू.

"शुक्रवारचा एक दिवस," तुझा नातू हेल्मेटातूनच बोलतोय. "तेवढ्यासाठी बॅटरी बॅटरी काय करतेस? पॉवर बँक घेऊन देतो. मला सांग, आजी बेशुद्ध पडली, तर तुझं बटण कोण दाबणार?"

"आणि तुमचं बंद असलं तर फोन कोण लावणार?"

"मी रोज सकाळी फोन करून आठवण करेन, आई, चार्जिंगला लाव म्हणून."

"म्हणजे आजीला घड्याळ सांभाळणार, घड्याळाला तुम्ही सांभाळणार, आणि तुम्हाला?"

समोरची बाई पण मध्ये बोलली. भाकरी खाऊन जिवात जीव आला होता तिच्या. म्हणाली, माझ्या सासऱ्यांना पण असंच महागातलं घेतलं होतं, सदा चार्जिंगलाच असायचं, ते गेले तेव्हा चार्जिंगलाच होतं.  मग तिलाच कळलं आपण काय बोललो ते, आणि ती लोणचं मागायला लागली.

मी ऐकत होते. तिघं माझ्याबद्दल बोलतायत आणि मी भाकऱ्या थापतेय. खरं सांगू, त्या बारक्यापेक्षा त्या मोठ्यावर माझा जीव होता, जसा त्या सोनेरी पट्ट्यावर होता. फोटो हसतो त्याच्यात. पण एक गोष्ट मला आठ दिवस डाचत होती, तेव्हा मी हात धुतले आणि तुझ्या नातवापुढे बसले. म्हटलं, बाळा, हे रोज चार्जिंगला काढायचं, बरोबर? तास-दीड तास. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, मग दिवसभरात मी कधी काढते, सांग. झोपेत काढू नको म्हणतोस. कोंबड्यांना सोडताना हातात पाहिजे, बाजारात पाहिजे. मग राहिली कुठली वेळ? आंघोळीची. तशीही न्हाणीत मला त्याची धास्ती वाटते, एवढ्या भारी वस्तूवर तांब्या कसा ओतू? मग आठही दिवस मी आंघोळीच्या वेळी ते चकतीवर ठेवलं. आणि मी पडले कुठे होते?

 मग नातीनं टाळी वाजवली. "बारकं आंघोळीत पण हातात होतं ना, आजी?" म्हटलं, होतं की. त्याला एकदाही काढलं नाही.

तुझ्या नातवानं हेल्मेट काढलं. डोकं घामानं ओलं. हेल्मेट मांडीवर घेतलं. त्याला हरवून मला बरं नाही वाटलं, आये. तो हट्टानं बोलत नव्हता, घाबरून बोलत होता.  शेवटी म्हणाला, "ठीक आहे. बारकं ठेव. अट तीच. पण आई, त्याला काही कळत नाही. तुला सांगावं लागेल. दाबशील ना बटण?"

मी म्हटलं, दाबीन की. त्यात काय.

इथे मला तुझा राग आला होता, खरंच. तू गेलीस तेव्हाही आला होता, तेव्हा बोलता आलं नाही. तीन दिवस तुझी छाती भरून येत होती आणि तू पाटी घेऊन जात होतीस. आम्हाला कोणाला पत्ता नाही. दिवसकार्य झाल्यावर कॅम्प एकच्या त्या म्हाताऱ्या सिंधी बाई, ज्या तुझ्याकडून रोज मेथी घ्यायच्या, त्या मला गळ्याशी धरून म्हणाल्या, "तेरी माँ बोली थी मेरे को, छाती भारी है. फिर बोली, घर में मत बोलना, बेटी फालतू दौड़के आएगी." आये, फालतू? मी धावत आले असते तर काय बिघडलं असतं? मेथी घेणाऱ्या बाईला सांगितलंस आणि मला नाही. वर्षानुवर्षं मी हे मनात घोळवलंय. पोराला मी असं करणार नाही, असं शंभरदा म्हटलंय.

बाकी मंगळवार छान गेला. सगळे जेवले. जवळ्याची चटणी, भाकरी, वालाचं बिरडं. समोरच्या बाईनं जवळा पहिल्यांदा खाल्ला, नाक मुरडत मुरडत दोनदा घेतला. नातीनं माझा फोटो काढला, दोन हात वर, दोन घड्याळं, पिठासकट. तुझ्या नातवानं जाताना फणसाकडे बघून विचारलं, किती लागलेत. म्हणजे समजलं मला, त्यानं घर बंद करायचं मनातून काढलंय. निदान ह्या वर्षी तरी.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते. शुक्रवारी लाइट नव्हती, मोठं मेलेलं होतं, दुपारी तीनच्या सुमाराला मी कोंबड्यांना पाणी ठेवायला वाकले आणि डोळ्यांपुढे काळं झालं. शेवग्याला धरलं, खाली बसले. किती वेळ ते माहीत नाही. शुद्ध होती, शेवग्याचा पाला दिसत होता. बारकं हातात होतं, चांगलं जागं. अंगठा बटणावर ठेवला पण होता मी. एकदा दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं. आणि मनात आलं, कामावर असेल, एवढ्या उन्हात स्कूटर हाणत येईल, उगाच. तिसऱ्यांदा दाबलं नाही. थोड्या वेळानं आपोआप बरं वाटलं. तेवढ्यात त्याचाच फोन आला, "आई, घड्याळ बंद दिसतंय, ठीक आहेस ना?" मी मातीत बसलेली, शेवग्याला टेकून. म्हटलं, लाइट नाही रे, भाजी निवडतेय.

हे पत्र कुठे जाणार नाही, मला माहीत आहे. वही परत नातीच्या कपाटात ठेवायची तर हे पान फाडावं लागेल, आणि फाडवत नाहीये. मोठं घड्याळ दुकानात परत द्यायचं म्हणून ते न्यायला बापलेक दोघं येणार आहेत, रविवारी, अकराच्या आत. त्यांच्यासमोर बसून शुक्रवारचं सांगायचंय. अजून वाक्य जमत नाहीये. रविवारी म्हणालेत.